पोलादावर उठलेली बोटं

मोनिका साहेबराव तुपे माझ्याकडे राहायला आली ती ९ ऑगस्ट २०१५ला, रविवारी, सकाळी पावणेअकराला. त्या दिवशीच्या पानावर माझी नोंद आहे : "आभाळ कोरडे. नळाचा आज तिसरा दिवस, पाणी नाही. मुलीजवळ पत्र्याची पेटी, जेवणाचा डबा आणि एक कानस." लोखंड घासायची ती हातभर कानस तिने पेटीत न ठेवता फडक्यात गुंडाळून काखेत धरली होती.

"ही कशाला गं घरी?" मी विचारले.

"हात बसायला पायजे ना, काकू. सर म्हणाले, घरीबी फिरवत जा."

मुकुंदवाडी स्टेशनाजवळ पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये एक कम्युनिटी कॉलेज होते. कॉलेज म्हणजे पदवीचे नव्हे. बारावी झालेल्या मुलांना एका वर्षात हाताचे काम शिकवणारे. तिथे शिवण होते, कॉम्प्युटर होता आणि वाळूजच्या कारखान्यांना लागणारी गेज, म्हणजे माप तपासायचे पोलादी नमुने, आणि साचे करण्याचा वर्ग होता. मोनिकाने हा शेवटचा वर्ग निवडला. त्यात मुलगे अकरा आणि मुलगी ती एकटी. तिचे गाव लासूर स्टेशनपासून आठ किलोमीटर आत. पॅसेंजर कधी वेळेवर यायची, कधी नाही, आणि पहिला तास बुडाला की सर दारातच उभे करायचे. म्हणून तिने खोली शोधली.

माझे घर सिडको एन-दोनमध्ये, तिच्या कॉलेजपासून पायी वीस मिनिटांवर. यजमान, दत्तोपंत, जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. मुलगी नीरजा पुण्याला. आमच्या गल्लीत एकेक बंगली पडून तिच्या जागी पाच-पाच मजले चढत होते, आणि नळाला पाणी मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी. मी खोलीचे भाडे मागितले नाही. एक काम सांगितले.

आदल्या वर्षी माझे उजवे मनगट मोडले होते. ते सांधले, पण पिळता येत नव्हते, घासता येत नव्हते. आणि माझ्या घरी तांब्याची भांडी : पाण्याचा हंडा, दोन कळश्या, देवाचे ताम्हन, पळी-पंचपात्री. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती चिंच-मिठाने घासली जात. माझ्या सासूबाईंची ही शिस्त, मी ती एक्केचाळीस वर्षे मोडली नव्हती. आलेला माणूस हंड्याकडे पाहून "आरशासारखा आहे हो," म्हणाला की मला बरे वाटायचे, हे कबूल करते.

"एवढंच ना?" मोनिका म्हणाली. "घासायचं तर मी दिवसभर शिकतेच की."

पाण्याची टंचाई असल्याने आणखी एक नियम मी घातला. भांडी घासून झाली की हात नळाखाली धरायचे नाहीत. फुलपात्रात पाणी घ्यायचे, त्यात हात बुचकळायचे, पुसायचे आणि ते पाणी जास्वंदीला घालायचे. हा नियम माझा. सासूबाईंचा नव्हे.

पहिले तीन महिने त्या वर्गाला यंत्राला हात लावू दिला नाही. काडेपेटीएवढा लोखंडाचा ठोकळा, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलेला, आणि कानस. सहा बाजू, सहाही सपाट, सगळे कोन काटकोन. सर उजेडासमोर ठोकळ्यावर पट्टी धरायचे. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा परत. मोनिकाचे तेरा ठोकळे परत आले. तळहाताला फोड आले, फुटले, त्यांच्या भेगा झाल्या. चौदावा ठोकळा तिने घरी आणून माझ्या पोळपाटावर ठेवला.

"काकू, तुमचा पोळपाट वाकडा हाय," ती म्हणाली.

"छत्तीस वर्षं पोळ्या गोलच झाल्यात त्याच्यावर."

"गोल झाल्या असत्याल. सपाट नाय झाल्या."

डिसेंबरमध्ये ती ग्राइंडिंगच्या यंत्रावर गेली. पोलादाच्या ठोकळ्याला आता आरशासारखी बाजू आणायची आणि दोन समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकेही चुकू द्यायचे नाही. मायक्रोमीटरने मोजताना श्वास रोखते, असे ती सांगायची. तिचे माप वर्गात सगळ्यात आधी बसू लागले. तिला शिकवणारे काकासाहेब गवळी वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षे गेज करून निवृत्त झालेले. ते शब्द मोजून वापरत. नाताळच्या आधी त्यांनी तिला सांगितले, "तुपे, तू गेज रूमची आहेस." घरी आल्यावर तिने मला हे दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना मी ऐकले नसेल असे तिला वाटले होते म्हणे.

मग जानेवारीत डाग पडू लागले.

तोवर ठोकळा मोजला की परत घासायला जायचा; आता संध्याकाळी चकचकीत ठोकळा पुसून, तेल लावून खणात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर तपकिरी गंज. गंजही कसा, तर बोटाच्या ठशाचा, रेषान् रेषा मोजता येतील असा. गेजवर असा एक डाग म्हणजे ते गेज भंगारात. बाकी अकरा मुलांच्या ठोकळ्यांवर काही नव्हते. मुलांना चेष्टेला विषय मिळाला. एक जण म्हणाला, "मोनिका, तुला आधार कार्डाची गरज नाय, ठोकळा दाखवत जा."

गवळी सर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला बाजूला घेतले. "काही माणसांचा घाम लोखंडाला चालत नाही. हा तुझा दोष नाही. आमच्या टूलरूममध्ये असे दोघे होते. चांगले कारागीर. दोघांनाही स्टोअरला बसवावं लागलं. मार्चअखेर परीक्षेची यादी जाते. परीक्षक ठोकळा तीन दिवस कुलपात ठेवतात. डाग आला की नापास. तोवर हे थांबलं तर तुझं नाव घालतो. नाही तर कॉम्प्युटरच्या वर्गात जागा आहे."

त्या संध्याकाळी ती जेवली, ताट घासले आणि म्हणाली, "कॉम्प्युटर शिकायला मी लासूरहून नाय आले."

तिने आता दर ठोकळ्याच्या कडेवर आकड्यांच्या छिन्नीने तारीख ठोकायला सुरुवात केली. ठोकळा दुसऱ्या दिवशी तपासायचा, डाग असो नसो, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायचा. साबण बदलला. हातरुमाल बदलला. खणात कापूर ठेवून पाहिला. कुणी सांगितले म्हणून आठवडाभर लोणचे सोडले. डाग येतच होते.

२६ फेब्रुवारीला, शुक्रवारी, तिचे वडील आले. साहेबराव तुपे, उंच, सुकलेले, बोलण्यात अदब. आधी कॉलेजात जाऊन सरांना भेटून आले होते. पाणी दिले तर त्यांनी अर्धाच पेला घेतला, उरलेले मला परत दिले. "राहू द्या ताई, तुमच्याकडंबी टंचाई हाय." गावात टँकर आठवड्यातून दोनदा येत होता. सरूबाई, मोनिकाची आई, पहाटेपासून रांगेत घागरी लावून बसायची आणि तिचे गुडघे आता कामातून गेले होते.

"मोने," ते म्हणाले, "सर म्हणत्यात तुझा हात लोखंडाला चालत नाय. मंग हितं काय करायचं? आईला पाणी भरू लाग. तिला लई होतंय."

मोनिका आत गेली आणि वर्तमानपत्राच्या सात पुड्या घेऊन आली. एकेक उघडून तिने ठोकळे त्यांच्यासमोर फरशीवर मांडले.

"अण्णा, ह्या चारांवर डाग हाय. ह्या तिनांवर नाय. हे तीन कुणी केले?"

"मला काय इचारती?"

"मीच केले. ह्याच हातानं. हात वाईट असता तर सातीच्या साती खराब व्हायला पायजे व्हते का नाय?"

साहेबरावांनी एक ठोकळा उचलला, उलटसुलट केला, फेट्याच्या टोकाने पुसून जपून ठेवला. "यादीत नाव आलं तर रहा," शेवटी म्हणाले. "नाय आलं, तर त्याच दिवशी गाडीत बसायचं. आईला मी काय सांगू दुसरं?"

"व्हय," ती म्हणाली.

रविवारी, २८ तारखेला, दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. "काकू, तुमची वही काढा ना."

मला रोजनिशीची सवय शाळेपासून. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर दररोज पाच ओळी लिहून घेत : तारीख, वार, हवा, काय केले, काय राहिले. शाळा सुटली, सवय राहिली. कपाटात तेव्हा बावन्न वह्या होत्या. त्या कुणी वाचायला मागितल्या नव्हत्या. नीरजानेही नाही.

मोनिकाने ठोकळे तारखेप्रमाणे ओळीत लावले. डाग होते ते ४, ८, १५ आणि २५ फेब्रुवारीचे. स्वच्छ होते ते १०, १२ आणि १८ तारखेचे.

"तुम्ही वाचा. मी ऐकते. काही तरी येगळं असलंच."

मी वाचू लागले. चार तारीख : उन्हाचा ताव, नळ आला, सव्वा तास. आठ : ढगाळ, नळ नाही, पिठले-भाकरी. दहा : ऊन, नळ आला. ती बोटांवर मोजत जुळवत होती. पाण्याचा दिवस जुळेना. जेवण जुळेना. हवा जुळेना. पंधरापर्यंत आलो आणि ती उठून माझ्या शेजारी बसली. वहीत डोकावली.

"हे कोपऱ्यात काय लिवलंय? हे तुम्ही वाचतच नाय."

"ते काही नाही. तां. म्हणजे तांबे घासले. घरकाम आहे ते."

"तेबी वाचा की."

मी मागची पाने उलटली. चार तारीख, गुरुवार, तां. आठ, सोमवार, तां. दहा, बुधवार, कोपरा रिकामा. बारा, शुक्रवार, रिकामा. पंधरा, सोमवार, तां. माझा आवाज खाली आला असावा, कारण तिने माझ्या तोंडाकडे पाहिले.

"अठरा?" तिने विचारले. "अठरा गुरुवार हाय. आणि ठोकळा साफ हाय."

अठराच्या कोपऱ्यात तां. होतेच. मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. चला, तांब्याचा संबंध नाही. मग त्याच पानावर खाली माझेच अक्षर दिसले : "मोनिका गावाहून परस्पर कॉलेजात. तांबे मीच कसेबसे घासले. मनगट ठणकते आहे."

पंचवीसचे पान उघडायची गरज नव्हती. तरी तिने उघडले. गुरुवार. तां.

तिने आपले दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले. कानशीने पडलेल्या भेगा, नखांच्या कडा. चिंच आणि मीठ त्यांत दोनदा आठवड्याला जात होते, आणि एका फुलपात्रातल्या पाण्याने ते निघत नव्हते. दिवसभर घामाबरोबर बाहेर येत होते. हात धुवायचे पाणी मी वाचवले होते. जास्वंद तेवढी जगली होती.

"मोनिका, हे माझ्यामुळे झालं," मी म्हणाले.

"थांबा काकू. आधी खरं व्हऊ द्या. तुम्ही म्हणताय म्हणून सर ऐकायचे नाय."

३ मार्चला, गुरुवारी, तिने मुद्दाम तांबे घासले. मग डावा हात नेहमीसारखा फुलपात्रात बुचकळला. उजवा पुढे केला आणि म्हणाली, "ह्याच्यावर वता." साबण लावून ती नखांच्या कडा जुन्या दातांच्या ब्रशने घासत होती आणि मी पाणी ओतत होते. एक कळशी संपली. नळ यायला दोन दिवस होते, दुसऱ्या कळशीला माझा हात जड झाला. तिने मान वर केली. मी दुसरीही ओतली.

कॉलेजात तिने सरांसमोर एकाच ठोकळ्याच्या एका टोकाला डावा अंगठा दाबला, दुसऱ्या टोकाला उजवा. तेल लावले, ठोकळा सरांच्या खणात ठेवला आणि किल्ली त्यांनाच दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गवळी सर तिच्याबरोबर घरी आले. ठोकळा त्यांच्या खिशात होता. डाव्या टोकाला तपकिरी अंगठा, उजवे टोक लख्ख. सर माझ्या हंड्यासमोर उभे राहिले.

"हाच का तो?"

"हाच," मी म्हणाले.

"भारी चकाकतोय." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "ते दोघं, ज्यांना आम्ही स्टोअरला पाठवलं. त्यांना घरी काय घासता, काय चिरता, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. एकाची भेळेची गाडी होती संध्याकाळची. आता आठवलं."

मोनिका म्हणाली, "सर, मग यादीत नाव?"

"महिनाभर डाग नको. मग नाव."

त्या दिवसापासून माझे तांबे बंद झाले. मोनिका म्हणत होती की ती नीट हात धुईल, पण दोन कळश्या पाणी कुठून आणायचे? हंडा आधी तांबूस-काळा, मग नुसता काळा पडला. समोरच्या मनकर्णाबाई विरजण मागायला आल्या तेव्हा हंड्याकडे पाहून म्हणाल्या, "बरं नाही का तुम्हाला?" मी सांगितले, बरे आहे.

मार्च डागाविना गेला आणि यादीत नाव लागले. साहेबरावांना तिने फोन केला. ते एवढेच म्हणाले, "बरं. आईला सांगतो." आईला हातभार लावायला ती पाडव्याला घरी गेली आणि दोन दिवस रांगेत घागरी लावून परत आली.

पण गोष्ट तिथे संपली असती तर सोपे झाले असते. १९ एप्रिलला तापमान बेचाळीस झाले, शेडच्या पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि दुसऱ्या दिवशी ठोकळ्यावर पुन्हा डाग. मोहरीएवढा, फिकट, पण डाग. चिंच नव्हती, मीठ नव्हते. सर म्हणाले होते तेही थोडे खरेच होते. तिचा घाम इतरांपेक्षा कडक होता.

मला वाटले, आता ही खचेल. तिने दप्तरातून वही काढली आणि लिहिले : "घाम थांबणार नाही. हात लागणे थांबवता येईल."

हातमोजे घालता येत नाहीत. फिरत्या यंत्रात मोजा अडकला तर बोट जाते. यंत्रावर उघडा हातच हवा. पण यंत्रावरून उतरल्यानंतर ठोकळ्याला कातडी लागलीच पाहिजे असे कुठे आहे? तिने मऊ, न झडणाऱ्या कापडाचे तुकडे शोधले. सुती साडीचा धागा सुटत होता. टॉवेलचे तंतू चिकटत होते. मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून दत्तोपंतांचे धोतर काढले. ते धुऊन धुऊन लोण्यासारखे झाले होते. मी कात्री लावली. पहिला तुकडा कापताना ती म्हणाली, "काकू, ऱ्हाऊ द्या." मी म्हणाले, "चौकोन सांग, किती बाय किती?"

"सहा इंच. आणि सरळ कापा. तुमचा पोळपाट आठवतोय मला."

अठ्ठेचाळीस चौकोन निघाले. एक वापरला की धुवायच्या पिशवीत, दुसरा घ्यायचा. ठोकळा कापडात उचलायचा, कापडात मोजायचा, पेट्रोलने पुसायचा, तेल लावून कापडातच ठेवायचा. पंधरा दिवसांत तिचे हात असे वळले की जेवताना भाकरीसुद्धा ती टोकाने धरू लागली.

परीक्षा ६ मेला, शुक्रवारी. वाळूजच्या एका कारखान्यातले साहेब परीक्षक म्हणून आले होते. तिथे काय झाले ते मला गवळी सरांनी सांगितले, मोनिकाने नव्हे.

साडेचारला तिचा ठोकळा मोजून झाला. माप बसले. परीक्षकांनी तो कापडातून सोडवला, उजेडात नेला, उघड्या हाताने चारी बाजूंनी फिरवून पाहिला, "छान," म्हणाले आणि लाकडी पेटीत ठेवून कुलपाकडे हात नेला.

"साहेब, थांबा," मोनिका म्हणाली.

ते थांबले.

"तुमचा हात लागला. मला परत पुसू द्या."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. जिच्या बोटांची चार महिने चेष्टा चालली होती तीच साहेबांच्या बोटांवर आक्षेप घेत होती. परीक्षकांनी आपल्या हाताकडे पाहिले. "माझ्या हाताला काय झालंय?"

"काय झालंय ते सोमवारी दिसंल, साहेब. नापास मी व्हईन."

सर सांगत होते, त्यांना वाटले की आता हे साहेब उठून जातील. पण त्यांनी पेटी तिच्यापुढे सरकवली. तिने कापड घेतले, ठोकळा उचलला, पेट्रोलने पुसला, तेल लावले, नव्या चौकोनात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. झाकण त्यांनी लावले. उरलेल्या अकरा ठोकळ्यांनाही त्यांनी मग कापडातूनच हात लावला.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. साहेबरावही सकाळच्या गाडीने आले होते, शेडच्या बाहेर चप्पल काढून उभे. परीक्षकांनी कुलूप उघडले. धोतराचा चौकोन उलगडला. ठोकळा उजेडात धरला, या वेळी कापडात. मग मोनिकाला म्हणाले, "आमच्या गेज रूममध्ये दोन जागा आहेत. जूनपासून येशील का?"

तिने आधी वडिलांकडे पाहिले. साहेबराव दारातून म्हणाले, "तिला इचारा. हात तिचा हाय."

"येते," ती म्हणाली.

आज आठ वर्षे ती वाळूजला आहे. पहिल्या पगारातून तिने आईच्या रांगेवर उपाय केला, दारात पाण्याची मोठी टाकी बसवून घेतली. नव्या मुलांना ती पहिल्या दिवशी विचारते, घरी काय काम करता, आणि उत्तर लिहून ठेवते.

त्या सोमवारचे पान माझ्यासमोर आहे : "९ मे २०१६, सोमवार. अक्षय तृतीया. ऊन त्रेचाळीस. नळ नाही. मोनिकाचा ठोकळा स्वच्छ, नोकरी लागली. साहेबराव जेवून दुपारच्या गाडीने गेले." कोपरा रिकामा आहे.